दोन शास्त्रांमधला हरवलेला दुवा 🧵

१/ थंडीत काही जणांच्या बोटांतील रक्तवाहिन्या एकाएकी आकुंचन पावतात आणि बोटे पांढरीफटक पडतात. या विकाराचे नाव रेनो सिंड्रोम. १९८६ साली त्यावर एक संभाव्य उपाय सुचवला गेला. सुचवणारे गृहस्थ डॉक्टर नव्हते. त्यांनी एकही प्रयोग केला नव्हता. केवळ इतरांचे शोधनिबंध ताडून पाहिले होते.

२/ ते होते शिकागो विद्यापीठातील माहितीशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन. विसाव्या शतकात विज्ञानाला शाखा-उपशाखा फुटत गेल्या, प्रत्येकीची स्वतंत्र नियतकालिके निघाली. शेजारच्या शाखेत काय छापले जाते, हे पाहण्याची सवड कोणालाच उरली नाही.

३/ रेनोवरील निबंध सांगत होते की रुग्णांचे रक्त अधिक दाट असते व त्यातील प्लेटलेट्स चटकन चिकटतात. माशाच्या तेलावरील निबंध सांगत होते की या तेलाने हेच दोन्ही दोष घटतात. सारे काही छापून आलेले होते. पण हे दोन गट एकमेकांचे निबंध वाचत नव्हते.

४/ स्वॉन्सन यांनी दुवा जोडला. अशा ज्ञानाला त्यांनी ‘सार्वजनिक, तरीही न गवसलेले’ म्हटले. १९८९ साली ३२ रुग्णांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा विकार अन्य आजारातून उद्भवला नव्हता, त्यांना तेलाचा लाभ दिसला, इतरांना नाही.

५/ १९८८ साली त्यांनी मायग्रेन व मॅग्नेशियम यांच्यातील ११ दुर्लक्षित दुवे मांडले. पुढे नील स्मॉलहायझर यांच्यासह हेच काम संगणकावर सोपवणारी ‘ॲरोस्मिथ’ ही प्रणाली घडवली.

६/ इतरांनी शाखांचे नकाशेच काढले. हेन्री स्मॉल यांनी १९७३ साली, कोणते दोन निबंध एकत्र उद्धृत होतात यावरून. मिशेल कॅलाँ व सहकाऱ्यांनी १९८३ साली, कोणते शब्द एकत्र येतात यावरून. २०१९ साली बर्कलेतील संशोधकांनी पदार्थविज्ञानाचे सुमारे ३३ लाख सारांश संगणकाला वाचायला दिले आणि उष्णतेपासून वीज निर्माण करू शकणारी नवी द्रव्ये सुचवून घेतली.

७/ संगणक देतो तो कयास. पुरावा प्रयोगशाळेतच मिळतो. पण कयासासाठीही निबंध हाती हवेत, आणि असंख्य निबंध आजही शुल्काच्या कुलपात आहेत. म्हणूनच दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कार्ल मालामूड यांच्या पुढाकाराने ७.३ कोटी लेखांचा साठा उभारला जात असल्याचे वृत्त २०१९ साली आले, तेव्हा जगभर कायद्याची चर्चा झाली.

८/ ज्ञान छापले गेले म्हणजे ते मानवजातीला कळले, असे नव्हे. दोन कपाटांमधले अंतरही कोणीतरी ओलांडावे लागते.