संदर्भांच्या वहीतील एक नाव : डॉ. शंभुनाथ दे

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींपैकी अनेकांची कलकत्त्याविषयीची माहिती रवींद्रनाथ, जगदीशचंद्र आणि सुभाषबाबू एवढ्यावर संपते. हुगळी जिल्ह्यातील गरिबाटी गावी १९१५ साली जन्मलेल्या डॉ. शंभुनाथ दे यांचे नाव या मालिकेत क्वचितच घेतले जाते. पटकीचा रोग माणसाला नेमका कसा मारतो, हे कोडे या गृहस्थांनी सोडविले.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातच पटकीच्या जंतूचे कार्य तपासले होते आणि हा जंतू काहीतरी विष निर्माण करीत असावा असा तर्क केला होता. परंतु पुढील पाऊणशे वर्षे ते विष कोणाच्या हाती लागेना. बहुतेक संशोधक प्राण्यांच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत जंतू टोचून पाहात असत. रोग आतड्याचा, आणि शोध भलतीकडेच!

लंडनहून १९४९ साली पीएच. डी. घेऊन परतलेल्या दे यांनी आतड्याकडेच लक्ष वळविले. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा, रक्तपुरवठा न तोडता, दोन्ही टोकांस रेशमी धाग्याने बांधावयाचा, त्यात जंतूंचे संवर्धन सोडावयाचे आणि एक दिवस थांबावयाचे. दुसऱ्या दिवशी तो तुकडा द्रवाने टम्म फुगलेला असे. जंतूंविना बांधलेला तुकडा मात्र रिकामाच राही. हा प्रयोग दे व चटर्जी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. असाच काहीसा प्रयत्न व्हिओल व क्रेन्डिरोपुलो यांनी १९१५ साली केला होता, पण तो विस्मृतीत गेला होता. पुढे १९५६ साली दे यांनी हीच रीत अतिसाराच्या कोलाय जंतूंवरही लावून पाहिली.

मग ३० मे १९५९ रोजी ‘नेचर’ नियतकालिकात त्यांचा जेमतेम दोन पानांचा निबंध आला. जंतू गाळून काढून टाकलेला द्रवही आतडे तसाच फुगवितो, हे त्यात सिद्ध केले होते. म्हणजे विष जंतूच्या शरीराबाहेर पडते. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवर पटकीच्या विषाचे कार्य दाखविले, ही गोष्ट आम्हां मराठी वाचकांनी विसरू नये. विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांच्या हातून झाले.

आता नोंदीचा भाग. शास्त्रज्ञाचा निबंध इतरांनी किती वेळा आधार म्हणून घेतला, याची गणना करणारी सूची फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात सुरू केली. सरकारी नोकरीत गोपनीय अहवाल लिहिण्यात आमची हयात गेली, त्यामुळे अशा आकड्यांविषयी आम्हांस थोडा संशयच वाटतो. आकडा गर्दीही मोजतो आणि गुणही. परंतु दे यांच्या बाबतीत त्या निर्जीव सूचीने जे पाहिले ते सजीव समित्यांनी पाहिले नाही, हे मान्य करावेच लागते. पहिल्या काही वर्षांत त्या निबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते; पुढे जगभरच्या पटकीसंशोधनात तो पायाभूत ठरला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जोशुआ लेडरबर्ग यांनी दे यांचे नाव त्या पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचविले, आणि १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादास त्यांना निमंत्रण आले. भारतातील कोणत्याही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना कधी सदस्यत्व दिले नाही. दे स्वतः मितभाषी होते, आणि मोठ्यांच्या दारी उभे राहणे त्यांना जमले नाही, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. परंतु दाराशी येणाऱ्यालाच ओळखावयाचे असेल तर समित्यांची गरज ती काय?

ते १९७३ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्यानंतरही बोस संस्थेत प्रयोग करीत राहिले. १५ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. गारफील्ड यांनी त्यांच्या कार्याच्या प्रभावावर स्वतंत्र लेख लिहिला तो १९८६ साली, आणि बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० साली.