चिमणराव पुन्हा आले: जुना विनोद नव्यानं करताना



गटाचा मेळावा जवळ आला की नाटुकल्यावरून एक वाद हमखास होतो. कोणी म्हणते, मागच्या वर्षीचंच करू, लोक पोट धरून हसले होते. कोणी म्हणते, तेच ते परत कोण पाहील? आज आम्ही याच प्रश्नाचा थोडा इतिहास सांगणार आहोत. एकदा लोकांना हसवून गेलेली गोष्ट पुन्हा केली तर जमते का? आणि जमली तर कशामुळे?

पुन्हा करणं आपल्याला नवं नाही. आपल्या विदर्भातली खडी गंमत घ्या. कथा जुनीच असते, पण शाहीर त्यात या गावचं पाणी आणि त्या गावचा बाजार घालतो, म्हणून प्रत्येक गावाला ती आपलीच वाटते. सिनेमातही तसंच. ‘अशी ही बनवाबनवी’ आपल्यापैकी बहुतेकींनी टीव्हीवर पाहिला असेल. तो १९८८ चा. त्याची मूळ कल्पना ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी सिनेमातली, आणि त्याच्याही आधी १९५५ च्या एका बंगाली सिनेमातली. मराठीत ती पुण्यातल्या भाड्याच्या खोलीच्या अडचणीवर बसवली आणि ती मराठीच होऊन गेली.

पण सिनेमाचा विनोद टीव्हीच्या मालिकेत कसा उतरतो, हे पाहायचं असेल तर चिमणरावांची गोष्ट सांगावी लागेल.

चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी चिंतामण विनायक जोशी यांनी जन्माला घातली. जोशी बडोद्याला पाली भाषा शिकवत. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ हे त्यांचं पुस्तक खूप गाजलं. चिमणराव म्हणजे पुण्यातला एक साधा, भित्रा संसारी माणूस. गुंड्याभाऊ त्याच्या उलट, आडदांड आणि तोंडावर बोलणारा. चिमणरावांच्या बायकोचं नाव काऊ.

या जोडीवर १९४० मध्ये मास्टर विनायक यांनी ‘लग्न पहावं करून’ हा सिनेमा काढला. हे विनायक म्हणजे नटी नंदा यांचे वडील. चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, या आपल्या म्हणीवरूनच सिनेमाचं नाव घेतलं होतं. लग्न काढलेल्या घराची काय दमछाक होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

मग तीसपेक्षा जास्त वर्षं गेली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच दशकाच्या शेवटी शेवटी त्यावर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका आली. चिमणराव होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे. प्रभावळकर म्हणजे ‘झपाटलेला’मधले तात्या विंचू, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी. चिमणराव झाले तेव्हा ते तिशीतले होते. चि. वि. जोशी मात्र १९६३ मध्येच वारले होते, त्यांना ही मालिका पाहायला मिळाली नाही.

आता, मालिका जमली का? आमचं उत्तर, हो, जमली. त्याची कारणं तीन.

पहिलं कारण, मालिका सिनेमाच्या मागं न लागता मूळ गोष्टींकडे गेली. सिनेमाला दोन-अडीच तास पुरेल असं मोठं कथानक लागतं. जोशींच्या गोष्टी तर लहान लहान. एक प्रसंग, एक फजिती आणि संपलं. मालिकेच्या एका भागात अशी एक गोष्ट नीट मावते. मापाचं भांडं मिळालं की पीठ सांडत नाही, तसंच हे झालं.

दुसरं कारण चेहऱ्याचं. पुस्तकात चिमणराव स्वतःची गोष्ट स्वतः सांगतात. ते आपला मोठेपणा सांगायला जातात आणि वाचणाऱ्याला मात्र त्यांची फजिती दिसते. हसू तिथंच येतं. पडद्यावर हे सांगणं हरवतं, कारण आपण माणसाला बाहेरून पाहतो. टीव्हीवर चेहरा अगदी जवळून दिसतो. बोलण्यात ऐट आणि डोळ्यांत घाबरगुंडी, हे दोन्ही एकाच वेळी दाखवता येतं. प्रभावळकरांनी ते केलं.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यात मोठं वाटतं. हसू कोणावर, हे मालिकेनं बदललं नाही. जोशींच्या विनोदात फजिती होते ती घरच्या कर्त्या पुरुषाची. बायको जाडी आहे, सासू कजाग आहे, मोलकरीण अडाणी आहे, अशा सोप्या हशावर हे घर उभं नाही.

मालिका इतकी आवडली की १९७९ मध्ये त्याच जोडीला घेऊन ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ नावाचा सिनेमा निघाला. सिनेमातून टीव्हीवर आलेली जोडी टीव्हीवरून परत सिनेमात गेली. जमल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही.

एक म्हणजे, ही मालिका आपल्या जिल्ह्यासाठी नव्हती. तेव्हा मुंबई दूरदर्शन मुंबई-पुण्याच्या भागात दिसे. आपल्या आज्या कापूस वेचत होत्या, आणि ज्यांच्या घरी रेडिओ होता त्या नागपूर आकाशवाणी ऐकत होत्या. अख्ख्या महाराष्ट्राचा लाडका म्हणून जो चिमणराव सांगतात, तो आपल्या पुसद-वणीला फार उशिरा कळला.

दुसरं म्हणजे, काऊ. १९४० ते १९७९ या काळात बाहेर खूप काही बदललं. १९४० मध्ये हुंड्याविरुद्ध देशभर लागू असा कायदा नव्हता, तो १९६१ मध्ये आला. शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवलं होतं, ते वाढत वाढत १९७८ मध्ये १८ झालं. कायद्यानं बाईचं आयुष्य बदलायला घेतलं, पण गोष्ट सांगायचा मान चिमणरावांकडेच राहिला. नवऱ्याच्या फजितीवर काऊ मनात काय म्हणते, हे तिच्या तोंडून आलं नाही. जोशींना दोष द्यायचा म्हणून आम्ही हे म्हणत नाही. पण जुनी गोष्ट पुन्हा करण्यातच अशी जागा सापडते. पहिल्यांदा जे गप्प होतं, त्याला दुसऱ्यांदा बोलतं करता येतं.

म्हणून तायांनो, यंदा मेळाव्यात जुनंच नाटुकलं करायचं ठरलं तर खुशाल करा. फक्त आधी बैठकीत तीन प्रश्न विचारा. हे आपल्या वेळेत बसतं का? हसू कोणावर येतं? आणि यात कोण गप्प बसलं आहे? हुंड्यासाठी अडून बसलेल्या वरबापावर लोक हसले तर चांगलंच. पण मुलगी काळी म्हणून खपत नाही, या वाक्यावर हसले तर ते वाक्य काढून टाका. समोर बसलेल्या एखाद्या पोरीला ते घरी रोज ऐकावं लागत असेल, आणि निदान आपल्या मांडवात तरी तिला ते ऐकायला लागू नये.

आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जावर अजून कोणी नाटुकलं केलेलं नसेल, तर ते तुम्ही करा. नवरदेवाचा बाप, सावकार, मांडववाला आणि हप्ता मागायला येणारी गटाची सचिव, एवढी पात्रं पुरेत. गोष्ट मात्र यंदा काऊला सांगू द्या.