सुरंजानपासून पेशीरोपणापर्यंत

वणी परिसरात कापूस वेचणाऱ्या बायांचे आणि कोळसा खाणीतल्या कामगारांचे गुडघे लवकर बोलू लागतात. "गादी झिजली" असे आपण म्हणतो. ती गादी म्हणजे कूर्चा. युनानी हकीम सांधेदुखीला वजउल मफासिल म्हणत आणि सुरंजान देत. त्याच कुळातल्या कंदापासून मिळणारे कोल्चिसीन गाऊटवर आजही देतात. दुखणे शमते, पण कूर्चा भरत नाही. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, असे विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ साली नोंदवले. १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात बसवल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र तो उपाय मर्यादित जखमेचा, म्हातारपणी पूर्ण झिजलेल्या गुडघ्याचा नव्हे. म्हणून उपचारासाठी शेत विकण्याआधी विचारा: यातून दुखणे थांबेल, की गादी भरेल?