लिव्हरपूलची गृहपरिचारिका

असाध्य रोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्याच्याच घरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या कार्याचा इतिहास बहुधा सिसिली साँडर्स यांच्यापासून सांगितला जातो. आणि प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका व अखेरीस डॉक्टर होऊन ज्या बाईंनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले, त्यांचा तो मान रास्तच आहे. परंतु परक्याच्या घरात पाऊल टाकून, त्याच्या जर्जर देहाला हात लावूनही त्याची अब्रू राखण्याची जी विद्या या कार्याच्या मुळाशी आहे, ती त्याच्या शंभरएक वर्षे आधी लिव्हरपूलच्या दरिद्री वस्त्यांत आकाराला आली होती, हे विसरून चालणार नाही.

1859 साली त्या शहरातील धनिक व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी दीर्घ दुखण्याने निवर्तली. तिच्या अखेरच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका घरी होती. जिथे कशालाही तोटा नव्हता तिथे या एका बाईच्या हातांनी इतका आराम पडला, तर जिथे धड पांघरूणही नाही तिथे मरणाऱ्याचे काय होत असेल, या विचाराने रॅथबोन अस्वस्थ झाले, आणि त्यांनी तीन महिन्यांच्या मुदतीवर, लागेल त्या सामानसुमानाची तरतूद करून, मेरीबाईंना गरिबांच्या घरी धाडले. महिनाभरातच त्या रडत परतल्या. डोळ्यांना दिसते ते सोसवत नाही, मला मोकळे करा, म्हणाल्या. रॅथबोन यांनी समजूत घातली, त्या पुन्हा गेल्या, आणि मुदत सरली तेव्हा हेच काम पुढे करू द्यावे अशी मागणी त्यांनीच केली. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने 1862 साली परिचारिकांची शाळा निघाली, आणि अल्पावधीत सगळ्या शहराचे 18 विभाग पाडून प्रत्येकाची व्यवस्था लावण्यात आली.

या चळवळीच्या वाढीत मला विशेष मोलाचे वाटतात ते तिने स्वतःवर घालून घेतलेले निर्बंध. 1874 साली लंडनमध्ये जी संस्था निघाली तिच्या प्रमुख फ्लॉरेन्स लीस यांचा आग्रह असा की, परिचारिका सुशिक्षित घरातील असावी आणि तिने दानधर्म वाटत फिरू नये. दान न देण्याचा हा नियम वरवर कठोर भासतो, पण जिच्याकडून शेरभर पीठ मिळायचे तिच्यापुढे रुग्णाला मिंधे व्हावे लागते, तिची मर्जी सांभाळावी लागते, आणि आज अंग पुसून घ्यायचे नाही एवढे म्हणण्याचीही त्याला सोय उरत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या 1887 च्या ज्युबिलीत स्त्रियांनी जमवलेल्या निधीतून सुमारे 70,000 पौंड या कामासाठी देण्यात आले, 1889 साली त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेला राजसनद मिळाली, आणि तिच्या नियमांत रुग्णाच्या धर्ममतांत ढवळाढवळ करण्याची सक्त मनाई झाली. मृत्युशय्येवरील दुबळ्या जिवाला उपदेशाने घेरणे ही त्या काळी पुण्याईची गोष्ट समजली जात असता, त्याला त्याच्या श्रद्धेसह किंवा अश्रद्धेसह शांतपणे जाऊ देण्याचा हा हुकूम किती दूरदृष्टीचा होता!

बाकीची मर्यादा हातांत होती. घरात आल्यावर आपला कोट उलटा घडी करून खुर्चीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवायचा. पाणी त्याच घरच्या चुलीवर तापवायचे. रुग्णाला घोंगडीखाली झाकून आधी चेहरा, मग एक हात, मग दुसरा, असा एकेक अवयवच उघडायचा, धुऊन टिपून लगेच झाकायचा, आणि तेवढ्यात पाठीवर, टाचांवर कुठे लाली तर आली नाही ना, हे न बोलता पाहून घ्यायचे. सबंध स्नान होई, पण माणूस कोणापुढे उघडा पडत नसे.

अशा हजारो घरांच्या आतल्या कैफियती या बायांनाच ठाऊक होत्या. म्हणूनच मेरी क्युरी प्रतिष्ठानाने घरी पडून असलेल्या कर्करोग्यांची पाहणी करावयाचे ठरवले तेव्हा त्यांचेच साहाय्य घेतले, आणि 1952 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी पाहिलेल्या 7,050 रुग्णांची हकीगत आली: दारिद्र्य, एकाकीपणा, आणि रात्रभर जागून थकलेले आप्त. रात्रपाळीच्या परिचारिका घरोघर पाठवण्याची तजवीज याच दशकात झाली. 1969 साली सेंट ख्रिस्तोफर्समधून परिचारिका घरी जाऊ लागल्या, तेव्हा वेदनाशामक औषधांचे नवे ज्ञान त्यांच्यापाशी होते. मात्र जुन्या गृहपरिचारिकेला बाजूला न सारता, तिच्या आणि घरच्या डॉक्टरांच्या जोडीनेच त्यांनी कामाला आरंभ केला.