सार्वजनिक म्हणजे कुणाचे?

आमच्या गावात नगरपालिकेच्या उर्दू शाळेला लागूनच एक सभागृह आहे. बांधले नगरपालिकेने, विजेचे बिल भरते नगरपालिका, छप्पर गळू लागले तर अर्जही नगरपालिकेकडेच जातो. किल्ली मात्र मोहल्ल्यातल्या दोन-चार वडीलधाऱ्यांच्या हाती. मंगनी, वलीमा, जमातीची बैठक, हजला जाणाऱ्यांचा निरोप असे कार्यक्रम तिथे होतात. गेल्या वर्षी पालिकेने वापराचे लेखी नियम मागितले. मुख्याध्यापक मला म्हणाले, "आपा, तुम्ही इतिहास शिकवता, मराठीही तुमची चांगली आहे. मसुदा तुम्हीच करा."

मी लिहायला बसले. वेळ, अनामत रक्कम, साफसफाई, लाऊडस्पीकर, मोडतोडीची भरपाई हे नियम भराभर उतरले. मग प्रश्न आला, सभागृह द्यायचे कुणाला? इथे पेन थांबले. त्याला कारण होते. त्याच्या आदल्या एप्रिलमध्ये शेजारच्या बौद्ध वस्तीतली काही मुले १४ तारखेच्या संध्याकाळसाठी सभागृह मागायला आली होती. त्यांना उत्तर मिळाले, "तुमचं समाजमंदिर आहे ना? मग इथं कशाला?" मी तिथेच उभी होते. गप्प राहिले.

वर्गात मी दरवर्षी महाडचा सत्याग्रह शिकवते. चवदार तळे, २० मार्च १९२७, ओंजळभर पाणी. मुले वाक्ये पाठ करतात आणि गुण मिळवतात. पण त्या ओंजळीच्या आधी एक नियम लिहिला गेला होता आणि तो एका नगरपालिकेच्या दप्तरात पडून होता, हे आपण फारसे सांगत नाही. मसुदा लिहिताना मला ती सगळी कहाणी पुन्हा वाचावी लागली.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. बोले भंडारी समाजातले, समाजसुधारक. ठरावाचा आशय असा : सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व सांभाळलेल्या, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातल्या सर्व पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गाला करू द्यावा. कौन्सिलाने ठराव मंजूर केला.

या ठरावाची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात दयेची विनंती नाही, धर्मशास्त्राची चर्चाही नाही. इमारत कुणाच्या पैशाने उभी राहिली आणि ती कुणाच्या ताब्यात आहे, एवढीच कसोटी लावलेली आहे. पैसा सर्वांचा असेल तर दार सर्वांना उघडे. पट्टी महाराने भरावी आणि दवाखान्याच्या पायरीशी मात्र त्याला थांबवावे, हा हिशेब त्या कसोटीत बसत नव्हता.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी असा हुकूम १९१९ सालीच काढला होता. सरकारी दवाखाने, शाळा, धर्मशाळा, पाणवठे येथे अस्पृश्यता पाळायची नाही आणि ज्या अधिकाऱ्याला हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा, असे त्यांनी बजावले होते. पण तो राजाचा हुकूम. इंग्रजी मुलखात प्रश्न वेगळा होता. तिथे नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांचा कारभार स्थानिक प्रतिनिधींच्या हाती होता आणि हे प्रतिनिधी बहुतेक वरच्या जातींचे होते. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी आपल्या खात्यांना ठराव अमलात आणण्याचा आदेश दिला. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांना सल्ला द्यावा, एवढ्यावरच ते थांबले. सल्ला मानायचा की नाही हे पालिकेने ठरवायचे.

महाड नगरपालिकेने तो मानला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक तिथे होते. जानेवारी १९२४ मध्ये पालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व काही झाले. तळ्यावर काहीच बदलले नाही. सवर्णांच्या घरांच्या वेढ्यात असलेल्या त्या तळ्याकडे जाण्याची हिंमत कुणी करू शकत नव्हते आणि पालिकेनेही त्यांच्यासोबत कुणाला पाठवले नाही. तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला.

बोले यांना हे दिसत होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्यात मागणी होती. आधीच्या सल्ल्याच्या पाठीशी आता पैशाचा दट्ट्या आला. तरीही पाणवठ्यांवरचे चित्र फारसे बदलले नाही.

शेवटी नियमाला पाय फुटले ते माणसांमुळे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पालिकेच्या स्वतःच्या ठरावाने दिलेला हक्क त्यांनी बजावला, इतकेच. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. जीव वाचवण्यासाठी अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. पुढे तळ्यात पंचगव्य मिसळलेले १०८ घागरी पाणी ओतून त्याची 'शुद्धी' झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, महाड नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला.

डिसेंबरात सत्याग्रह परिषद ठरली. मंडपाला हिंदूंकडून जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच जागेवर मनुस्मृतीचे दहन झाले. फत्तेखानांचे नाव आपल्या लेखनात अधूनमधून अभिमानाने येते आणि ते यायलाच हवे.

पण अभिमानाबरोबर दुसरी गोष्टही सांगावी लागेल. चवदार तळ्याचे पाणी मुसलमान आधीपासून भरत होते. त्यांना मनाई नव्हती. परधर्मीयाला पाणी चालते आणि स्वधर्मीय अस्पृश्याला चालत नाही, हा मुद्दा बाबासाहेबांनीच परिषदेत मांडला होता. म्हणजे त्या तळ्याच्या काठावर आपली माणसे आतल्या बाजूला होती. घरात आसरा देणारे आपले, जमीन देणारे आपले. पण पालिकेचा ठराव झाल्यावर तीन वर्षांत कुणी शेजाऱ्याचा हात धरून त्याला तळ्यावर नेले, असे माझ्या वाचनात आले नाही. आतल्या बाजूला असलेल्याला दाराची अडचण जाणवत नाही. त्या एप्रिलमध्ये मलाही ती जाणवली नव्हती.

पुढचा भाग न्यायालयाचा आहे. परिषदेच्या आधीच, १२ डिसेंबर १९२७ रोजी, सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा दाखल केला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. त्यामुळे डिसेंबरात लोक तळ्याला फेरी घालून पाणी न पिता परतले. खटला जवळपास दहा वर्षे चालला. तळे पालिकेचे आहे हे निष्पन्न झाल्यावर वादींनी 'वहिवाटी'चा आधार घेतला. आजवर अस्पृश्य इथे आले नाहीत, म्हणून येऊ नयेत, असा तो युक्तिवाद. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अशी वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. बाबासाहेब जिंकले.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम वाचताना मला बोले ठरावाची आठवण होते. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः सांभाळलेल्या, अथवा लोकांच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही आडकाठी करता येणार नाही. १९२३ ची तीच पैशाची कसोटी इथे आहे. फरक एवढा की आता ती कोण्या एका वर्गापुरती राहिलेली नाही. घर भाड्याने मागताना नाव ऐकून नकार मिळतो तेव्हा आपल्याला त्याचा राग येतो. मग सार्वजनिक सभागृहाच्या दारात तोच नकार आपण कोणत्या तोंडाने देणार?

"तुमचं समाजमंदिर आहे ना?" हे वाक्य मला आता ओळखीचे वाटते. महाडलाही अस्पृश्यांना वेगळ्या पाणवठ्याकडेच बोट दाखवले जात होते. "आजवर असंच चालत आलंय" हेही ओळखीचे आहे. उच्च न्यायालयात टिकला नाही तो युक्तिवाद हाच.

मी मसुदा पूर्ण केला. सभागृह नगरपालिका हद्दीतल्या कोणत्याही रहिवाशाला, स्त्री असो वा पुरुष, धर्म, जात, बिरादरी, मोहल्ला न पाहता मिळेल. ज्याचा अर्ज आधी त्याला तारीख आधी. भाडे सर्वांना सारखे. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यायचे. अर्जांची नोंदवही कुणालाही पाहता येईल. किल्ली पालिकेच्या लिपिकाकडे राहील.

बैठकीत शेवटच्या नियमावर बराच गलका झाला. एक चाचा म्हणाले, "बेटी, पोरी-बाळींची शाळा बाजूला आहे. उद्या कोण कोण येईल." मी म्हटले, "चाचा, शाळा सुटल्यावरची वेळ आहे. आणि कोण येणार ते आपल्याला ठाऊक आहे. शेजारीच येणार." ते काही बोलले नाहीत. मसुदा पालिकेत गेला आहे. मंजुरी अजून यायची आहे.

मंजुरी आली तरी काम संपणार नाही, हे महाडने शिकवले आहे. तिथे ठराव तीन वर्षे पडून राहिला, कारण तो झाला हे पुरेसे मानले गेले. म्हणून मी पलीकडच्या वस्तीतल्या त्या मुलांना निरोप पाठवला आहे. येत्या १४ एप्रिलसाठी त्यांनी अर्ज करावा. अर्ज लिहायला मी बसेन आणि तो द्यायला त्यांच्याबरोबर पालिकेत जाईन. गेल्या वेळी दारात मी गप्प उभी होते, ते मला असेच सोडून द्यायचे नाही.