दहा श्वासांना एक मणी

बाळाचं पोट उडतंय, धाप लागलीय, हे आईला दिसतंच. पण धाप म्हणजे नेमकी किती? ते मोजावं लागतं. गडचिरोलीच्या आडगावात मोजणार कोण, तर सुईण. तिच्या हातून गावातली निम्मी पोरं जन्मलेली, पण पन्नासपर्यंत आकडे म्हणायची तिला कधी गरजच पडली नव्हती. दहापर्यंत बोटं साथ देत, पुढे गाडी अडे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. सुईणीची अडचण त्यांनी सुईणीच्याच बोटांवर सोडवली. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्या जोडीला मण्यांच्या दोन ओळी. घड्याळ पालथं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघत दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून सुरुवात. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला सहावा मणी लाल, मोठ्याला पाचवा. या साधनाला नाव मिळालं ‘ब्रेथ काउंटर’. सुईणींनी त्याला काय म्हटलं असेल, याचं मला जास्त कुतूहल आहे.

पाचव्या मण्यामागचा पन्नासचा आकडा दुरून आलेला. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवलं की छातीला स्टेथोस्कोप न लावता, नुसत्या श्वासांच्या गतीवरून प्रतिजैविक कोणाला द्यायचं ते ठरवता येतं.

एका मिनिटाच्या घड्याळाचं कूळ तर दम्याच्या घरी निघतं. जॉन फ्लॉयर हा इंग्लिश वैद्य स्वतः दमेकरी. 1698 मध्ये त्याने दम्यावर ग्रंथ लिहिला आणि 1707 मध्ये नाडी मोजण्यासाठी मिनिटभर चालणारं घड्याळ पुढे आणलं. गडचिरोलीच्या वाळूशी त्याचा थेट संबंध नाही. पण चुलत घराणं म्हणायला हरकत नाही.

1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीचा अहवाल छापून आला. उपचाराच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी 8.1, तर तुलनेच्या गावांत 17.5. आरोग्यसेवक आणि सुईणींसारख्यांनी कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देऊन हाताळलेल्या 612 आजारपणांत दगावण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी.

मणी एक मात्र सांगत नाही: श्वास जोरात का चाललाय? न्यूमोनियात फुप्फुस घट्ट होतं, म्हणून बाळ उथळ नि भराभर श्वास घेतं. दम्यात श्वासनळ्या आवळतात, तरी मणी तितकेच सरकतात. गडचिरोलीत मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. तो धूर दमेकरी पोराच्या छातीत आधी पोचतो. अशा पोराचा लाल मणी सहज सरकेल. त्याला प्रतिजैविक मिळेल, आणि गरज असेल नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची.

म्हणून नंतरच्या बालरोग मार्गदर्शिकांत कानालाही काम मिळालं. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतोय का, ते ऐकायचं. येत असेल तर आधी नळ्या मोकळ्या करणारा फवारा, मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, आणि श्वास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.