बाटली नंबर ५३-एन

परवा डी. फार्म. करणाऱ्या माझ्या मामेबहिणीचा फोन आला. परीक्षा तोंडावर, आणि ती वैतागलेली. "दादा, बीसीजीची कुपी पावडर विरघळवल्यावर चार तासांत फेकायची, पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी मात्र २८ दिवस चालते. हे पाठ कसं करू?" मी म्हटलं, पाठ नको करूस, गोष्ट ऐक. तीच आज तुम्हालाही सांगतो.

१८९६ साली मुंबईत, मांडवी भागात प्लेग सुरू झाला. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला वाल्डेमार हाफकिन इथे आला. त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मटणाच्या रश्श्यात त्याने प्लेगचे जंतू वाढवले आणि वर चक्क तुपाचे थेंब सोडले! जंतू त्या थेंबांना लटकून वाढायचे. मग गरम करून ते मारायचे. ही झाली मृत लस. १० जानेवारी १८९७ ला पहिलं इंजेक्शन त्याने स्वतःला टोचून घेतलं, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना.

लोकांचा विश्वास मात्र शून्य. घरात घुसून तपासण्या करणाऱ्या सरकारची सुई कोण टोचून घेणार? पुण्यात त्याच वर्षी रँडचा खून झाला, त्यावरून काय वातावरण होतं ते कळेल.

आता ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल, आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण पुढे धनुर्वाताने गेले, आणि सगळे एकाच बाटलीतून टोचलेले: ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीच झालं नाही.

आम्ही कोड लिहिणारे अशा वेळी पहिलं विचारतो, शेवटचा बदल कोणी केला? इथे तो हाफकिनने केला होता. लशीत कार्बोलिक ॲसिड घालणं बंद करून त्याने फक्त उष्णतेवर भरवसा ठेवला होता. चौकशी आयोगाने तिथेच बोट ठेवलं, की दोष मुंबईच्या प्रयोगशाळेत. हाफकिनची नोकरी गेली.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. बाटली मुंबईत भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढले असते, तर उघडताच घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरला तो आला नव्हता. आणि त्या दिवशी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट न उकळता, नुसता कार्बोलिकमध्ये खळबळून त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात!

हे कागदावर होतं, तरी मान्य व्हायला पाच वर्षं गेली. मलेरियावाला रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाला. मुंबईची प्रयोगशाळा काही परत मिळाली नाही, कलकत्त्याला पाठवलं. परळच्या त्या संस्थेला त्याचं नाव १९२५ ला दिलं. मला हे नाव देणं जरा उशिराचंच वाटतं.

आता बहिणीचा प्रश्न. बूच एकदा टोचलं की बाहेरचं काहीही आत जाऊ शकतं. पेंटाव्हॅलंटमध्ये जिवंत काही नाही, त्यामुळे जंतुरोधक घालता येतं. नीट थंड ठेवली तर कुपी टिकते. बीसीजी ही जिवंत पण दुबळी केलेली लस. जंतुरोधक घातलं तर लसच मरेल. म्हणून चार तास, मग फेकायची.

आणि गंमत बघा, मुल्कोवालला ज्याने माणसं मारली त्याचीच लस आज पेंटाव्हॅलंटमध्ये आहे: धनुर्वाताचं विष निष्प्रभ करून केलेलं टॉक्सॉइड. ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, मग डीपीटीचे दोन बूस्टर, आणि १० व्या नि १६ व्या वर्षी टीडी.

बहीण म्हणाली, "चिमटा लक्षात राहील." मग तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला: गोवर-रुबेलाची कुपी किती तास? मी म्हटलं, तूच सांग, जिवंत आहे की मेलेली?